तपासनीस पटलाबाहेर

"उद्या तपासनीस बघतच राहतील!" विज्ञानाच्या बाईंनी हेडसरांना छातीठोकपणे सांगितलं. एरवी बाई असलं काही बोलत नसत. बावीस वर्षं तोच धडा शिकवून माणूस दमतो हो! पण प्रश्न प्रयोगशाळेचा होता. मोडकी बाकं ठेवायला हेडसरांना ती खोली हवी होती. तपासनिसांनी आत येऊन, बघून, "राहू द्या" असा शेरा मारला तरच ती वाचणार होती. बाईंनी तीन दिवस राबून बरण्या घासल्या, सूक्ष्मदर्शकांची भिंगं पुसली, घरचा पडदा काढून तिथे लावला. "अगं, आता आपली खिडकी उघडीच राहणार का?" नवऱ्याने विचारलं. बाई तोवर बसल्या जागीच पेंगल्या होत्या.

बेत असा होता. प्रयोगशाळा म्हणजे पेशी. कॉरिडॉर संपतो तिथे, तिच्या दाराशी, चौदा मुलं पाठीवर आडवी. दोन रांगा, पायाला पाय लावून. एका रांगेची डोकी बाहेर, दुसरीची आत. हे झालं पेशीपटल! पटल ज्या रेणूंचं बनतं त्या फॉस्फोलिपिडची डोकी पाण्याकडे, शेपट्या मधे, पुस्तकात आहे अगदी तस्सं. बाकीच्यांच्या छातीवर बिल्ले. पाणी आणि ऑक्सिजन लहान, ते फटीतून सुळकन आत. ग्लुकोज मोठं, त्याला हात धरून पलीकडे न्यायला वाहक प्रथिन. ते काम चिमणीकडे. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात शिस्तीची मुलगी, आणि तिथेच घात झाला.

"मी 'सुटा' म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही!" दुसऱ्या दिवशी सकाळी बाई प्रयोगशाळेतून ओरडल्या. तीन दिवस कुरकुरणारा घसा त्या ओरडण्यासरशी पार बसला.

एवढ्यात हेडसर तपासनिसांना घेऊन आले. तपासनीस अंगाने भरदार, गुडघ्यांनी अधू.

"बाळ, मला आत जायचंय," ते म्हणाले.

"बिल्ला?" चिमणीने हात पुढे केला.

"मी तपासनीस आहे."

"मी फक्त ग्लुकोज नेते, सर."

तेवढ्यात एक किडकिडीत मुलगा फटीतून आत सटकला. "मग ह्याला कसं सोडलंत?"

"तो ऑक्सिजन आहे!" जमिनीवरून चौदा तोंडं एकदम म्हणाली.

हेडसर खाली वाकून पुटपुटले, "अगं, त्यांना एक ग्लुकोजचा बिल्ला लाव ना!"

"खोटा बिल्ला? सर, विष असंच तर आत शिरतं!"

आत बाईंचा जीव टांगणीला. त्यांनी "सुटा" म्हटलं, पण बाहेर पडली नुसती हवा. हात हलवले, पण पटल छताकडे बघत होतं. टाळ्या वाजवल्या. मुलांना वाटलं शाबासकी मिळाली, त्यांनीही पडल्यापडल्या टाळ्या वाजवल्या! शेवटी बाईंनी ओलांडून यायला पाऊल उचललं, तर आतल्या रांगेतून आरोळी आली, "बाई, तुम्ही केंद्रक! केंद्रक बाहेर गेलं तर पेशी मरेल!"

हे बाईंनीच शिकवलं होतं. बाईंनी पाय मागे घेतला.

तपासनीस मात्र खुलले. स्टूल मागवून बाहेरच बसले. "मीठ आत येईल का? पाणी जास्त शिरलं तर?" मुलं फटाफट उत्तरं देत होती. वीस मिनिटं झाली. खाली गाडीचा हॉर्न वाजला, पुढची शाळा वाट बघत होती. तपासनिसांनी दुरूनच बाईंना हात जोडले आणि ते गेले. बाईंनी घासलेल्या बरण्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

दुपारी हेडसरांनी शेरा वाचून दाखवला. "अप्रतिम! पेशीपटल मुलांच्या अंगात भिनलं आहे. इतक्या वर्षांत असा वर्ग पाहिला नाही." बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. हेडसर पुढे वाचू लागले, "ज्या बाई कॉरिडॉरमध्ये इतकं शिकवतात, त्यांना प्रयोगशाळेची गरज नाही. खोली दुसऱ्या कामाला खुशाल वापरावी."

बाईंनी तोंड उघडलं. पुन्हा नुसती हवा!

आवाज परत आला चौथ्या दिवशी. तोवर मोडकी बाकं प्रयोगशाळेत पोचली होती. एकाच्याही छातीवर बिल्ला नव्हता, आणि त्यांना कुणीसुद्धा अडवलं नाही.