चिंचेची तारीख

दिनकररावांनी मोटारसायकलला किक मारली, तसं त्यांच्या बायकोनं, सरजाबाईंनी, ओसरीवरूनच बजावलं, "कोर्टात जायलाव तर कोर्टातच जा. गोडाला हात लावला तर मला कळतंय, सांगून ठेवते."

"आरोपी न्हाई मी, प्रतिवादी हाय," एवढं म्हणून दिनकरराव निघाले.

डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून घरातला साखरेचा डबा कुलपात गेला होता. दिनकररावांना आता एकच आधार उरला होता, तो म्हणजे तारीख. बांधावरचं चिंचेचं झाड कुणाचं, यावरून शेजारच्या सटवाजीनं नऊ वर्षांपूर्वी त्यांच्यावर दिवाणी दावा लावला होता. सुरुवातीला दोघं मनापासून भांडले. पण परभणीला जायला गाडी एकट्या दिनकररावांकडे. त्यामुळे हळूहळू वादी आणि प्रतिवादी एकाच मोटारसायकलवरून पेडगावहून कोर्टात जाऊ लागले. पुढची तारीख पडली की कॅन्टीनमध्ये गरम जिलबी ठरलेली. सटवाजीची बायको वारलेली, मुलं पुण्याला. महिन्यातून एकदा त्यालाही कुणाशी तरी मन मोकळं करायला मिळायचं. दावा निकाली निघाला असता तर दोघांचीही पंचाईत झाली असती.

आणि नेमकं तेच होऊ घातलं होतं. पुढच्या वेळी वादीचा साक्षीदार आला नाही तर दावा काढून टाकीन, असं न्यायाधीश साहेबांनी निक्षून सांगितलं होतं. सटवाजीनं गावातल्या ऐंशी वर्षांच्या तात्यारावांना कसंबसं तयार केलं. पण एसटीत कंबर दुखते म्हणून तात्याराव बसायला तयार होईनात, आणि मोटारसायकलवर तिघं मावेनात. शेवटी सटवाजी एसटीनं गेला आणि वादीचा साक्षीदार प्रतिवादीनं आपल्या मागे बसवला.

वाटेत उजळणी सुरू झाली.

"तात्या, झाड कुणाच्या बाजूला म्हणायचं?"

"तुझ्या."

"माझ्या न्हाई हो. तुमी त्याचे साक्षीदार हाव. सटवाजीच्या बाजूला म्हणा."

"बरं. लय गुंता करायलाव तुमी."

कोर्टात पट्टेवाल्यानं सटवाजीच्या नावाचा तीनदा पुकारा केला. पण एसटी वाटेत पंक्चर झाल्याचा त्याचा फोन दिनकररावांना नुकताच येऊन गेला होता, आणि त्याचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. दिनकररावांच्या वकील अर्पिता मॅडम उत्साहानं उठल्या.

"वादी गैरहजर, त्यांचे वकीलही गैरहजर. दावा काढून टाकावा, अशी विनंती आहे."

मागून त्यांच्या काळ्या गाउनला हिसका बसला.

"मॅडम, खाली बसा की," दिनकरराव कुजबुजले.

"अहो, आपण जिंकतोय."

"म्हणून तर म्हणायलोय. बसा."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"प्रतिवादी, साहेब. वादी वाटंत हाय. जरा दम धरा."

"वादीसाठी तुम्ही मुदत मागताय?"

"वादी न्हाई, पर त्याचा साक्षीदार हाय की. म्या आणलाय."

टाइप करणाऱ्या स्टेनोचे हात थांबले.

"वादीचा साक्षीदार तुम्ही आणला?"

"गाडी माझी हाय, साहेब."

साहेबांनी कपाळ चोळलं. "साक्षीदार आलाच आहे, तर घ्या उलटतपासणी."

दिनकररावांचा जीव भांड्यात पडला. दावा वाचला होता. त्यांना जिलबीचा वासही येऊ लागला.

तात्याराव पिंजऱ्यात चढले. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, अशी शपथ त्यांनी हात जोडून घेतली आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. हातची केस गेल्यामुळे चिडलेल्या अर्पिता मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "चिंचेचं झाड कुणाच्या बाजूला आहे?"

"कोणतं झाड?"

"बांधावरचं. ज्याच्यासाठी हा दावा चाललाय ते."

तात्यारावांनी दिनकररावांकडे पाहिलं. ते जिवाच्या आकांतानं खुणा करत होते. पण शपथ ती शपथ.

"ते तर तीन वर्सं झाली वावटळीत पडून," तात्याराव म्हणाले.

त्याच वेळी घामाघूम सटवाजी दारातून आत घुसला. "आलो साहेब. पुकारा झाला का?"

"झाड पडलंय?" साहेबांनी त्यालाच विचारलं.

सटवाजीनं दिनकररावांकडे पाहिलं. दिनकरराव छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"पडलं, साहेब."

"आणि लाकडं?"

"दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेतली. उगं भांडण नको म्हणून."

साहेबांनी फाईल मिटली. झाडच नाही तर दावा कशाचा? नऊ वर्षांचं प्रकरण पाच मिनिटांत निकाली निघालं. अर्पिता मॅडमनी दिनकररावांचं अभिनंदन केलं, तेव्हा ते रडकुंडीला आले होते.

कॅन्टीनमध्ये तिघांपैकी एकटे तात्यारावच जिलबी खात होते.

"शपथ घेतल्यावर खोटं कसं बोलू मी?"

"तुमचं काय चुकलं न्हाई, तात्या," दिनकरराव म्हणाले.

"आता पुढल्या महिन्यात काय?" सटवाजीनं हळूच विचारलं. त्याचा तो आवाज ऐकून दिनकररावांना फार वाईट वाटलं, जिलबीपेक्षाही जास्त. त्यांनी जिलबीची ताटली त्याच्याकडे सरकवली.

"सटवाजी, माझ्या विहिरीकडं जायची पायवाट तुझ्या वावरातून जाती ना?"

"जाऊ दे की. म्या कधी अडवलंय का?"

"तेच चुकायलंय तुझं. उद्यापासून अडव."

सटवाजीचा चेहरा उजळला. त्यानं जिलबीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "म्हंजी या बारीला वादी तू?"

"मंग? किती दिवस प्रतिवादीच राहू मी?"

तात्यारावांनी बोटाला लागलेला पाक चाटला. "आन मी कुणाचा साक्षीदार?"

"कुणाचाच न्हाई," वादी आणि प्रतिवादी एकदमच म्हणाले.