सहादेवराव ओट्स खाते जाले त्याची हकीकत

अन्नदेवतेस साष्टांग नमन करून, आणि चुलीची गादी बळकावून बसलेल्या गॅसशेगडीसही दुरून मुजरा करून, देवळाली प्रवरा मुक्कामी न्याहारीचे समयी जो बाका प्रसंग गुदरला, तो खोटे न मिसळता व खरे फार न उगाळता लिहितो ऐसा जे.

राजश्री सहादेवराव, उसाचे मातबर बागाईतदार, साखर कारखान्याचे सभासद, चहात चमचा उभा राहील इतकी साखर घेणार. पराक्रम म्हणाल तर जिभेपलीकडे फारसा गेला नाही. पुढे त्यांचे रक्तात साखरेने बंड केले. तेव्हां डॉक्टरसाहेबांचे फर्मान सुटले की, साखर-गूळ बंद, न्याहारीस बेताची फळे घालून ओट्स, आणि हुकूम मोडलियास पुढले भेटीपासून रोज सुई. घोडेगावचे बाजारात मारका बैल शिंगास धरणारा हा पुरुष, सुईचे नाव ऐकोन मटकन बसला आणि टोपीने घाम पुसता जाला.

मग सूनबाई रुपालीबाईंनी मुदपाकखान्याची मुखत्यारी घेतली, आणि ओट्स दुधात शिजविले, आणि पिकल्या केळ्याची व किसल्या सफरचंदाची कुमक आत धाडिली. चिरंजीव सुनीलराव सोफ्यावर पडोन, मोबाईल हाती धरोन, फळांचे गोडव्यावर प्रवचन करीत होते. पातेले ढवळण्याचे कामी त्यांचा उपयोग जाला नाही.

सहादेवरावांनी पातेल्यात डोकावून तोंड वाकडे केले.

"ह्यो तर भरडा हाय! म्हशीफुडं ठिवला तर म्हैस पाठ फिरवंल."

"म्हशीला शुगर न्हाई, मामा. तुमाला हाय," ऐसा जबाब सूनबाईंचा.

आता या घराण्याचा रिवाज ऐसा की, नवा पदार्थ शिजला तर आधी देवास दाखवावा, आणि नैवेद्य साखरेविना दाखवू नये. सबब सासूबाई रतनबाई एक वाटी घेऊन देव्हाऱ्यास गेल्या, आणि तीवर कारखान्याची साखर मूठभर लोटिली, आणि हीच वाटी धन्यास द्यावी ऐसी मसलत मनी धरिली.

"परसादाला कसलं आलंय पथ्य!" इतके पुटपुटोन त्यांनी डोळे मिटिले.

डोळे मिटिले तेवढ्यात रुपालीबाईंनी बिनसाखरेची वाटी तेथे ठेविली आणि साखरेची उचलोन सुनीलरावांचे हाती दिली. रतनबाईंनी डोळे उघडोन वाटी धन्यापुढे ठेविली आणि एक डोळा बारीक केला. सहादेवराव इशारत समजले, आणि चमच्यावर चमचा मारिते जाले.

"हां! हिला म्हनत्यात साखर! आपल्या कारखान्याची चव लपत न्हाई."

तिकडे सुनीलराव साखरेची वाटी चाटोन गर्जले, "बघा, मी सांगत न्हवतो? फळांची गोडी लई येगळी असती!"

दोन्ही जाणकार ऐसे तृप्त जाले. पुढे रतनबाईंनी नव्या पदार्थाचा हा रिवाज रोजचाच केला; नित्य नैवेद्य, नित्य अदलाबदल, आणि सुनीलरावांचे विजारीचे बटण तुटले.

भेटीचे दिवशी डॉक्टरसाहेबांनी साखर उतरली पाहोन सुई माघारी घेतली. सहादेवरावांनी पारावर बसोन जाहीर केले की, शुद्ध सभासदी साखर खाल्ल्यानेच शुगर उतरते, आणि ऐकणारांनी माना डोलाविल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाली. यश साखरेचे नावे लागले. रुपालीबाईंनी तकरार केली नाही, कारण दुसरे दिवशी पुन्हा ओट्सच शिजवणे होते.