कोणाला कळवायचं नाही?

आमच्या कचेरीतून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागतो. नाव, वय, रक्तगट, रोजच्या गोळ्या वगैरे सगळं त्यात आहेच. पण शेवटच्या ओळीत ताटक्यांनी स्वतः टाईप करून घातलेला एक प्रश्न आहे : 'संकट आलं तर कोणाला कळवायचं नाही?'

"छपाईची चूक झालीय वाटतं. कोणाला कळवायचं, असं हवं ना?" असं विचारणारा एक तरी रोज निघतो. ताटके चष्म्यावरून बघतात. "कळवायचं तर लोक न सांगता अख्ख्या गावाला कळवतात. लपवायचं कोणापासून, ते लिहा."

मग लोक विचारात पडतात. बायका बहुधा 'सासूबाई' लिहितात. पुरुष आधी ऐटीत 'कोणी नाही' लिहितात आणि बायको पाणी प्यायला उठली की खोडून तिचं नाव घालतात, ती सहलीला सोबत येणार असली तरी! खराडीच्या एका आयटीवाल्या मुलानं लिहिलं, 'माझा मॅनेजर. मी सिक लीव्हवर आहे.' ताटक्यांनी गंभीर चेहऱ्यानं खाली भर घातली, 'आजार : बाली.'

कसबा पेठेत, तांबटांच्या दुकानांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ताटके तीस वर्षं लोकांना परदेशी पाठवतायत. मी त्यांच्याकडे तिकिटं काढते, व्हिसाचे कागद जुळवते आणि त्यांचं बोलणं ऐकून घेते. पगार पहिल्या दोन कामांचा मिळतो. खाली दिवसभर तांब्यापितळेच्या भांड्यांवर हातोड्या पडत असतात, त्यामुळे आमच्याकडे फोनवर सगळे ओरडूनच बोलतात. घरी गेल्यावरही मी ओरडूनच बोलते, अशी माझ्या नवऱ्याची तक्रार आहे. असो.

गंमत म्हणजे हा माणूस स्वतः कधी देशाबाहेर गेलेला नव्हता. विचारलं की म्हणायचे, "सगळेच गेले तर फोन कोण उचलणार?"

आणि फोन यायचेच. कोणाचं विमान चुकलंय, कोणाची बॅग भलत्याच देशाला गेलीय. पलीकडचा माणूस रडकुंडीला आलेला असतो आणि ताटक्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "जेवलात का?"

बँकेतले एक निवृत्त साहेब एकदा फोनवर किंचाळले, "अहो, इथे विमानतळावर मला पोलिसांनी बसवून ठेवलंय आणि तुम्ही जेवणाचं काय विचारताय!"

"मग त्यांनाच विचारा, काही देतात का. आधी खाऊन घ्या, मग घाबरा."

हे त्यांचं पेटंट वाक्य. साहेबांनी खरंच मागितलं. त्या पोलिसानं सँडविच दिलं आणि हातात घास असताना साहेबांना आठवलं, की हवा तो कागद बायकोच्या पर्समध्ये आहे. तेव्हापासून ताटक्यांना कोणी अडवू शकलं नाही.

आता हेच ताटके स्वतः काय जेवत? काकू होत्या तोवर साडेबाराच्या ठोक्याला घरून डबा यायचा आणि तो चाटूनपुसून रिकामा जायचा. मूलबाळ नाही, दोघंच एकमेकांना. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आता खाणावळीचा डबा येतो. ताटके झाकण उघडतात, आत कोणी ओळखीचं दिसतंय का ते बघतात आणि पुन्हा लावून ठेवतात. मी बोलले तर म्हणतात, "बाई, आपण तिकिटं बघा."

पण मला सांगायचंय ते कमलताई पोटनिसांबद्दल.

कमलताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, विधवा, अडुसष्ट वर्षांच्या, माहेर इथलंच, कसब्यातलं. त्यांनी हट्टानं युरोपची सहल घेतली. फॉर्मच्या शेवटच्या ओळीत लिहिलं, 'माझा मुलगा'. मुलगा वाईट नाही हो, काळजीखोर आहे. त्यानं निक्षून सांगितलं होतं, काही गडबड झाली तर यापुढे एकटीनं पुण्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि कमलताईंना पुढच्या वर्षी जपानला जायचं होतं.

सहलीचा शेवटचा दिवस. आमच्याकडे साधारण साडेअकरा, त्यांच्याकडे व्हिएन्नात सकाळ. संध्याकाळच्या विमानानं सगळे परत निघायचे. फोन वाजला.

"ताटके, माझा पासपोर्ट गेला हो!"

"चोरीला?"

"नाही. मीच देऊन टाकला."

घडलं ते असं. जाण्याआधी ताटके सगळ्यांना एक उपदेश करतात, की पासपोर्ट अशा जागी ठेवा जिथे चोराची अक्कल पोचणार नाही. कमलताईंनी तो मेतकुटाच्या डब्यात ठेवला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तळाशी, वर मेतकूट. तसाच दुसरा डबा चिवड्याचा. दोन्ही स्टीलचे, दोन्ही लग्नातले, दोन्हींवर 'पोटनीस' कोरलेलं. खोली आवरणारी बाई चार दिवस बिचारी आपल्या चादरी बदलतेय, निघताना तिच्या हातावर काहीतरी ठेवावं, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी तिला चिवड्याचा समजून एक डबा दिला. आज सकाळी पासपोर्ट काढायला उरलेला डबा उघडला, तर त्यातून चिवडा निघाला!

वकिलातीत जायचं तर पोलिसात तक्रार, फोटो, अर्ज. एक-दोन दिवस कुठे गेले नाहीत. विमान चुकणार, मुलाला कळणार, जपान बुडणार.

"जेवलात का?" ताटक्यांनी विचारलं.

"नाही."

"चिवडा आहे ना हाताशी? खा. मग घाबरा. आणि फोन ठेवू नका."

मग माझ्या टेबलावरच्या फोनवरून त्यांनी मुनाफला गाठलं. मुनाफ आपल्या मंडईतल्या बागवानांचा मुलगा, व्हिएन्नात दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. त्याची आई पहिल्यांदा त्याच्याकडे गेली तेव्हा वाटेतलं विमान चुकलं होतं. ताटक्यांनी त्या माउलीला फोनवरून दारोदार विचारत मुलापर्यंत पोचवलं होतं. मुनाफ म्हणाला, "काका, कारण नका सांगू. कुठे जायचं तेवढं बोला." तो हॉटेलात गेला, तिथल्या लोकांना जर्मनमधून गोड बोलून त्या बाईला फोन लावायला लावला. बाई रजेवर, फोन उचलेना. मग पुन्हा पुन्हा लावत बसला.

इकडे कमलताई हॉटेलच्या दिवाणखान्यात एकट्या. बाकीचे शेवटचं शहर बघायला गेलेले. बोलता बोलता त्यांना हुंदका फुटला. ताटक्यांना रडणाऱ्या बाईशी काय बोलावं ते कळत नाही. त्यांनी उठून खिडकी उघडली आणि मोबाईल बाहेर धरला. खाली हातोड्या चालूच होत्या.

बऱ्याच वेळानं कानाला लावला, तेव्हा कमलताई नाक ओढत म्हणत होत्या, "तांबं आहे ना?"

"तांबंच."

"बंब असणार. घागरीचा आवाज निराळा असतो."

तेवढ्यात माझ्या फोनवर कमलताईंचा मुलगा! "आईचा फोन तासभर एंगेज येतोय. सगळं ठीक आहे ना?" मी घाबरून रिसीव्हर ताटक्यांपुढे केला. ताटके खोटं बोलत नाहीत, ही आमच्या कचेरीची मोठीच अडचण आहे.

"त्या माझ्याशीच बोलतायत," ताटके म्हणाले. "तांबटांविषयी. चिवडाही खाल्ला." आणि फोन ठेवला. एक अक्षर खोटं नाही!

तीन वाजले. खाणावळीचा डबा तसाच पडला होता. मी तो पुढे सरकवला आणि म्हटलं, "आधी खाऊन घ्या, मग घाबरा." असं बघितलं माझ्याकडे! पण अर्धी पोळी खाल्ली.

सव्वातीनला मुनाफचा फोन. बाई सापडली होती, तो तिच्या घरी उभा होता. पिवळी पूड बघून तिला वाटलं, हिंदुस्थानातली भांडी घासायची पावडर. सकाळपासून ती स्वयंपाकघरातलं बेसिन घासत होती, आणि घासता घासता डब्याच्या तळाशी पोचली होती.

"पासपोर्ट कोरडा आहे?" ताटक्यांनी विचारलं.

"एकदम कोरडा, काका."

"बरं. आणि बेसिन निघालं का?"

कमलताई वेळेवर विमानात बसल्या. पुढच्या वर्षी जपानलाही जाऊन आल्या. मुलाला अजून पत्ता नाही.

यंदा मुनाफनं ताटक्यांनाच बोलावलं. तिकीटच पाठवलं, म्हणजे नाही म्हणायची सोय ठेवली नाही. जायच्या आठवड्यात मी त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला. नियम म्हणजे नियम. त्यांनी शहाण्या मुलासारखा भरून दिला. शेवटची ओळ मोकळी.

"हे राहिलंय."

"राहिलेलं नाही."

"असं चालत नाही, तुम्हीच म्हणता."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "बाई, तिथे नाव लिहायचं तर ऐकून जिवाला घोर लागेल असं माणूस घरात असावं लागतं. ही होती तेव्हा मी कुठे गेलो नाही. आता जातोय, तर लपवायचं कोणापासून?"

मला राग आला. पंधरा वर्षं समोर बसते मी, मी काय टेबल आहे? फॉर्म ओढला आणि ठसठशीत अक्षरात माझं नाव घातलं.

त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "अहो, पण मी तिथे अडकलो तर मला सोडवायचं कोणी? तुम्हीच ना? आणि तुम्हालाच कळवायचं नाही?"

"ते तुम्ही बघा," मी म्हटलं.

ते गेले. चौथ्या दिवशी दुपारी माझ्या मोबाईलवर फोन आला.

"काही नाही, बाई. सहज केला."

पंधरा वर्षांत या माणसानं सहज म्हणून कोणाला फोन केलेला मला माहीत नाही. मागे अगदी शांत होतं. रस्त्याचा नाही, माणसांचा नाही, कसलाच आवाज नाही. मुनाफ कामावर गेला असणार. जिभेवर आलं होतं, काय झालंय? पण ज्यांना कळवायचं नाही त्यात माझं नाव, माझ्याच अक्षरात. मी उठले, खिडकी उघडली आणि फोन बाहेर धरला.

हात दुखायला लागला तेव्हा कानाला लावला.

"आज पितळ आहे," पलीकडून आलं. आवाज जरा जड होता.

"हो," मी म्हटलं. "जेवलात का?"