किमान साठा दोनशे

भिलाईच्या सेक्टर ६ मधील ‘ऊब समिती’चे भांडारप्रमुख भाऊराव यांनी पूर्ण विचारांती ठरवलं होतं, की गरिबांसाठी जमवलेली ब्लँकेटं गरिबांना देणं तूर्त शक्य नाही. साठा दोनशेचा होता आणि किमान साठाही दोनशेच. कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. किमान साठ्याला हात लावील तर शपथ.

भांडाराबाहेर केवलराम पहारा द्यायचा. डिसेंबरात त्याला हुडहुडी भरली, तेव्हा त्यानं एक ब्लँकेट मागितलं.

“एक देलं का एकशे नव्याण्णव होते,” भाऊराव कळवळून म्हणाले. “उद्या खरा गरीब आला, तर त्याले काय देऊ?”

शेजारच्या ताराबाई चर्चमधून येत होत्या. त्यांनी ते ऐकलं.

“भाऊजी, ज्याच्यापाशी दोन सदरे हायेत त्यानं एक द्यावा. आजच फादरनं सांगितलं.”

“पण त्या माणसाचा किमान साठा किती होता, हे सांगितलं काय?”

ताराबाईंनी घरून कोरं ब्लँकेट आणलं. समितीच्या नोकराला परस्पर देणगी घेता येत नाही, म्हणून भाऊरावांनी ते रीतसर जमा करून घेतलं.

“दोनशे एक झाले,” ताराबाई म्हणाल्या. “आता द्या त्याले.”

“साठा वाढला म्हणजे जोखीम वाढली, वहिनी.”

त्याच दुपारी किमान साठा दोनशे दहा झाला. वाढत्या जोखमीपायी केवलरामचा पहाराही चार तासांनी वाढला. आठवड्यात तो तापानं फणफणून घरी पडला.

आता मात्र भाऊरावांनी किल्ली उचलली. चुलीत गेला नियम, म्हणत त्यांनी भांडार उघडलं. दोनशे एक ब्लँकेटांना कसर लागली होती. ज्याला हात लावावा त्याची चाळण.

ते तडक घरी आले आणि दिवाणाची फळी उचलली. आत चौदा ब्लँकेटं, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. त्यांनी निळं उचललं. मनाला फार बरं वाटलं.

“कावून काढून राहिले ते?” त्यांच्या पत्नी वसुंधराबाईंनी विचारलं. “पाहुणे आले तर?”

पाहुणे येऊन सहा वर्षं झाली होती. भाऊरावांनी निळं ब्लँकेट जागच्या जागी ठेवलं आणि फळी हळूच टेकवली.

हसा खुशाल. पण आधी उठून आपल्या दिवाणात किती आहेत ते पाहून या. केवलरामचा ताप अजून उतरलेला नाही.