देवरे आप्पांच्या किल्ल्या

गेल्या दसऱ्याला आपट्याची पानं वाटता वाटता मी भर सोसायटीत एक उदार घोषणा केली आणि ती अंगाशी आली. माझ्या घोषणा अंगाशी येतात याची घरात सवय आहे. या वेळी मात्र ती दुसऱ्याच माणसाच्या अंगाशी आली, म्हणून सगळं सांगायला बसलोय.

तो दुसरा माणूस म्हणजे पहिल्या मजल्यावरचे देवरे आप्पा. आप्पा वर्षातले दहा महिने बऱ्यापैकी शांत असतात. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी संपतं तेव्हा चिडत नाहीत, पावसाळ्यात जिन्याला शेवाळ धरतं तेव्हाही चिडत नाहीत. घट बसले की मात्र त्यांचा संताप जो बसतो, तो तुळशीच्या लग्नालाच उठतो. कारण एकच. या दिवसांत माणसं गावाला जातात.

सिल्वाशातली दिवाळी बाहेरच्यांना सांगून खरी वाटत नाही. कारखाने दिवाळीला बंद होतात ते लाभपाचमीला मुहूर्त करून उघडतात, आणि मधल्या दिवसांत अर्धं शहर आपापल्या गावी पळतं. आमच्या डोकमर्डीच्या सोसायटीत तर मूळचं इथलं कुणीच नाही. कुणी धुळ्याचं, कुणी जळगावचं, पटेलकाकी सौराष्ट्रातल्या, आम्ही दोघं चिपळूणकडचे. मी इथल्या एका शाळेत गणित शिकवतो. बारा बिऱ्हाडांतली नऊ-दहा दारं कुलूपबंद होतात, आणि जाताना प्रत्येक जण किल्ली आप्पांच्या हातात देतो.

आप्पा किल्ली घेतात. पण सुखासुखी घेत नाहीत.

"कुठे निघाले सर?"

"उदयपूर, आप्पा."

"काय आहे तिथे?"

"तलाव आहे."

"आपल्याकडे दुधनीला काय आहे मग? अख्खं धरणाचं पाणी पसरलंय! ही काय पद्धत झाली?"

'ही काय पद्धत झाली' हे त्यांचं पालुपद. संताप फारच वर चढला की आप्पा मराठी सोडून अहिराणीवर जातात. "काय कराले जातस हो लोक!" असं जिन्यातून ऐकू आलं, की समजायचं, आणखी एक किल्ली जमा झाली.

खालच्या पॅसेजमध्ये सोसायटीचा फळा आहे. एरवी त्यावर पाण्याच्या वेळा असतात. दिवाळीत आप्पा तो पुसतात आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहितात, 'पळून गेलेले'. खाली यादी. २०३, केरळ (कशाला?). ३०१, शिर्डी-शनिशिंगणापूर (दर वर्षी तेच). ४०२, गोवा (बोलण्यासारखं नाही). ४०२ च्या बाईंनी एकदा त्यावर जोरदार आक्षेप घेतला, तेव्हा आप्पांनी कंस पुसला आणि गोव्यापुढे नुसतं उद्गारचिन्ह ठेवलं.

वाढदिवसांवरही त्यांचा राग आहे. आमच्याकडे का कोण जाणे, बारशी, साठ्या, लग्नाचे वाढदिवस सगळे या दोन महिन्यांतच गर्दी करतात. "पावसाळ्यात जन्माला यायला काय होतं लोकांना?" असं म्हणत आप्पा प्रत्येकाच्या दाराशी एक नारळ घेऊन उभे राहतात. नारळ द्यायचा, दोन शब्द सुनवायचे, निघायचं. आणि प्रवासाला गेलेल्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले, की खाली आप्पांचा निरोप हमखास. मी उदयपूरच्या महालापुढे गॉगल लावून काढलेल्या फोटोखाली आप्पांनी लिहिलं होतं, 'तुमच्या मोरीचा नळ गळतोय. वायसर बदलला.'

कारण चिडायचं ते चिडून झालं की आप्पा कामाला लागतात. ते सुताच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. सूत गुंडाळायच्या रिकाम्या कागदी नळ्या ते घरी आणतात, प्रत्येक घराला एक रंग, आणि त्या त्या नळीला ती ती किल्ली सुतळीने बांधतात. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर नळ्या. सकाळी फेरी, संध्याकाळी फेरी. तुळशींना पाणी, पटेलकाकींच्या माशांना दाणे. लक्ष्मीपूजनाला तर प्रत्येक घर उघडून त्याच्या गॅलरीत एक पणती लावायची, म्हणजे लावायचीच. रस्त्यावरून बघितलं की बाराच्या बारा गॅलऱ्या उजळलेल्या दिसल्या पाहिजेत.

"एक धागा तुटला ना सर, की ती बॉबिन गाठीची. गाठीचा माल शेठ घेत नाही."

या सगळ्यावर त्यांची एक कायमची तक्रार असायची, आणि ती ऐकून आम्हा सगळ्यांच्या माना खाली जायच्या. "मुलगा तिकडे नाशिकला बोलावून बोलावून थकला. सून फोन करते, नात रडते. पण जाऊ कसा? तुम्ही लोकांनी नऊ किल्ल्या गळ्यात बांधल्या ना माझ्या!" मग नात केवढी झाली ते हाताने दाखवायचे. हात टीपॉयच्या जरा वर. देवरेकाकू वारल्यापासून आप्पांचं घर म्हणजे ते आणि त्या नळ्या.

आता माझी घोषणा. गेल्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, तीही दिवाळीतच. शुभदाने, म्हणजे माझ्या बायकोने, हंपीला जायचं म्हणून जूनपासून सांगितलं होतं. रिझर्वेशनचं काम माझ्याकडे होतं. मी ते उद्या करतो, उद्या करतो म्हणत गणपती उरकले, पितृपक्ष उरकला, आणि मग कळलं की गाडीत आता उभं राहायलाही जागा नाही. हे घरात कसं सांगायचं या विवंचनेत मी दसऱ्याला खाली उतरलो. आप्पा समोरच होते आणि त्यांची तक्रार नाशिकपर्यंत आली होती. मला एकदम प्रकाश दिसला.

"आप्पा!" मी मोठ्याने म्हणालो. "या वर्षी तुम्ही नाशिकला जायचं. आम्ही हंपी रद्द केलंय. तुमच्यासाठी! किल्ल्या मी सांभाळणार!"

टाळ्या झाल्या. पटेलकाकी म्हणाल्या, "सर, तमे तो देव माणस!" शुभदाने माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला रिझर्वेशनचं सगळं एका नजरेत कळतं.

आप्पा मात्र टाळ्यांमध्ये नव्हते. हातातलं आपट्याचं पान दुमडत राहिले. मग म्हणाले, "तुमच्याच्यानं होणार नाही."

"का नाही होणार?"

"४०२ चं कुलूप उलटं फिरतं."

"उलटं फिरवीन."

"माशांना चिमूटच टाकायची. जास्त झालं तर मरतील."

"चिमूटच टाकीन हो! तुम्ही नातीला भेटा." आणि उत्साहाच्या भरात मी तिथेच फोनवर त्यांचं एसटीचं तिकीटही काढलं. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोसाठी चार महिन्यांत तिकीट काढता आलं नाही, त्याने ते चार मिनिटांत काढलं, हे शुभदाने पुढे आठ दिवस जेवताना ऐकवलं.

मला त्या सगळ्या दिवसांत आप्पांचाच राग येत होता. एवढं करून माणूस एका शब्दाने आभार मानत नाही! उलट रोज येऊन नवी अडचण काढायचे. ३०१ चा दिवा ठिणगी मारतो. २०३ ची तुळस नाजूक आहे. मी प्रत्येक अडचण उदारपणे उडवून लावली. शेवटी धनत्रयोदशीला सकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन खाली आले. मी फळ्यावर मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, '१०२, देवरे आप्पा, नाशिक, मुलाकडे!' त्यांनी ते वाचलं. नऊ नळ्यांची पिशवी माझ्या हातात देताना क्षणभर सोडलीच नाही. मग गेले.

लक्ष्मीपूजनाला दिवेलागणीला मी पणत्यांचं ताट घेऊन निघालो. चार मजले चढेपर्यंत माझा दम आणि उदारपणा दोन्ही संपत आले. ४०२ चं कुलूप उलटं फिरेना, तेव्हा मी तिथली पणती दाराबाहेरच ठेवली आणि खाली आलो. घरात पाय ठेवतो तोच फोन वाजला.

"सर, आप्पा बोलतो. नाशिकहून."

"आप्पा! दिवाळीच्या शुभेच्छा! काय म्हणते नात?"

"बरी आहे. ४०२ च्या गॅलरीत अंधार आहे."

"हो, ते कुलूप जरा..."

"मी सांगितलं होतं ना? आधी दार ओढून धरा, मग किल्ली उलटी. तुमले काही समजस का नही? नऊ घरं दिली, त्यातलं एक अंधारात! ही काय पद्धत झाली?" आणि फोन बंद.

मी निमूट वर गेलो, दार ओढून धरलं, पणती लावून आलो आणि शुभदाला कौतुकाने म्हणालो, "बघ, काय माणूस आहे! नाशिकला बसून ४०२ च्या गॅलरीवर लक्ष."

शुभदा रांगोळीत रंग भरत होती. ती थांबली.

"नाशिकहून दिसते आपली गॅलरी?"

ती उठून गॅलरीत गेली. मी मागे. समोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी, दिवाळीमुळे बंद. तिच्या फळीवर इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस बॅग मांडीवर घेऊन बसला होता आणि मान वर करून आमची इमारत मजल्यामजल्याने मोजत होता. चारही मजले मोजून झाल्यावर तो उठला, बॅग उचलली आणि रांध्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसला. आप्पांचा कारखाना त्याच बाजूला. दिवाळीत तिथे वॉचमनशिवाय कुणी नसतं. वॉचमनच्या खोलीत दुसरी खाट असते, हे आप्पांनीच कधीतरी सांगितलं होतं.

मला पहिल्यांदा त्या मुलाचा राग आला. इतका, की मी फोन हातात घेतला. पाच तासांवर बाप आहे, आणि...

"ठेवा तो," शुभदा म्हणाली. "एका घोषणेने पोट भरलं नाही का? मुलाने बोलावलं नाही हे त्यांनी एवढी वर्षं कुणाला कळू दिलं नाही. आपल्या किल्ल्यांच्या आड उभे राहत होते बिचारे. तुम्ही त्याच काढून घेतल्या, वर तिकीट हातात दिलं."

टाळ्या आठवल्या. फळ्यावरची ती मोठी अक्षरं आठवली.

"मग आता त्यांना बोलावून आणू?"

"काय म्हणून? आम्ही तुम्हाला टपरीवर बघितलं म्हणून?"

पाडव्याच्या सकाळी मला ओवाळायच्या आधी शुभदाने नळ्यांची पिशवी जमिनीवर उलटी केली. एकेक सुतळी सोडून नऊही किल्ल्या तिने परातीत टाकल्या आणि पोहे परतावेत तशा हाताने खालीवर केल्या. "आता करा फोन," ती म्हणाली. "आणि निदान आज तरी खोटं नीट बोला."

साडेनऊला मी फोन केला. "आप्पा, घोटाळा झालाय. सगळ्या किल्ल्या एकमेकांत मिसळल्या. एकही कुलूप उघडत नाही. काकींचे मासे उपाशी आहेत. तुम्हाला नाशिक सोडून यावं लागेल हो."

पलीकडून आवाज आला, आणि काय आवाज होता! "सांगितलं होतं ना मी! तुमच्याच्यानं होणार नाही म्हणून! दोन दिवस माणसाला मुलाकडे सुखाने राहू देत नाही तुम्ही लोक! आता इथून निघायचं म्हणजे पाच तास! जव्हारचा घाट आहे मध्ये, माहितीय का?"

"माफ करा आप्पा."

"माफ काय करा! मासे मेले तर?"

पाच तास म्हणजे पाच तास. आप्पा दुपारी अडीचला आले, एक मिनिट आधी नाही. त्या पाच तासांत मी तीनदा गॅलरीत गेलो, आणि तिन्ही वेळा शुभदाने मला दंडाला धरून आत आणलं.

आत येताच त्यांनी बॅग टाकली आणि परातीपुढे मांडी घातली. एकेक किल्ली उचलायची, अंगठ्याने चाचपायची. "ही काकींची, दात झिजलेत. ही २०३, भोक वाकडं. ही ४०२, हिला मी खूण केलीय. आणि तुम्हाला कळत नाही? गणित शिकवता ना मुलांना?" कुलूप लावून बघायची गरजच पडली नाही. सुतळ्या बांधता बांधता ते मला, माझ्या शाळेला, कोकणातल्या माणसांना आणि एकूण शिक्षणालाच बोल लावत होते, आणि त्यांचा चेहरा दिवाळीसारखा दिसत होता.

शुभदाने फराळाचं ताट पुढे केलं. "नात कशी आहे आप्पा?"

"मोठी झाली, ताई." आप्पांनी हाताने दाखवलं. "एवढी."

हात टीपॉयच्या जरा वर होता. आदल्या दिवाळीत होता तेवढाच. त्याच्या आधीच्या दिवाळीतही.

"अगं बाई! केवढी वाढली!" शुभदा म्हणाली.

आप्पा नळ्या घेऊन माशांकडे धावले. जाता जाता पॅसेजमध्ये थांबले, फळ्यावरची नाशिकची ओळ तळहाताने पुसली आणि तिथे लिहिलं, '३०२ यांच्याकडे किल्ल्या देऊ नयेत.' ३०२ म्हणजे आम्ही. खाली सही.

मी वर येऊन शुभदाला म्हणालो, "आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असा गेला. हंपी राहिली. मी नालायक आहे."

"ते आहातच," ती परात धुता धुता म्हणाली. "पुढच्या दिवाळीला जायचं. रिझर्वेशन मी करते. तुम्ही फक्त आप्पांना दोन महिने आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांना चिडायला पुरेसा वेळ मिळेल."