भिंतीवरची सापशिडी

सुट्टीचे आठ दिवस सरले तरी हौसा बापाजवळ फिरकेना, तेव्हा आकारामने कराडला जाऊन तिच्यासाठी खेळ आणायचं ठरवलं.

हौसा साडेचार वर्षांची. आकाराम पलटणीत गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. लढाई संपून तो मलकापुरात परत आला तोवर तिला चांगलीच वाचा फुटली होती. त्या वाचेने तिने पहिल्याच दिवशी आईला विचारलं होतं, "आये, ह्यो पावणा कवा जाणार?" लीलाबाईने तोंडाला पदर लावला. इटलीत तोफांपुढे उभा राहिलेला आकाराम त्या एका प्रश्नाने मात्र गारद झाला. त्याने लिमलेटच्या गोळ्या दिल्या, त्या हौसाने आईच्या मागे दडून खाल्ल्या. बाहुली दिली, ती काखोटीला मारून ती परड्यात पळाली. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. दिलेली वस्तू घेऊन पोर पळतंय, तेव्हा जी घेऊन पळताच येत नाही, समोर दुसरं माणूस बसल्याशिवाय जी चालतच नाही, अशी वस्तू हवी. सुट्टीचे वीस दिवस उरले होते. त्यानंतर पुन्हा पलटण, आणि पुढच्या खेपेला पोरगी आणखी मोठी आणि आणखी परकी झालेली असणार.

निघताना थोरल्या वहिनीने, शालूबाईने, हटकलं. आईमागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

"आकाराम, उद्या नागपंचमी हाय. भितीवर लावायला नागोबाचा कागद आण. पलटणीत देव इसरला असशील, पर ह्यो इसरू नगंस."

"आनतो की, वैनी."

कराडच्या पेठेत आप्पासोंच्या दुकानात तो तासभर बसला. "पोरीचा पैलाच खेळ हाय," त्याने सांगितलं, "जरा बगून द्या."

आप्पासोंनी आधी बुद्धिबळ काढलं. "घोडं, उंट, हत्ती, समदी फौज हाय बगा."

"फौज नगं. पाच वरीस तीच बगितली."

मग सोंगट्यांचा पट निघाला. "आवं, ह्या खेळापायी धर्मराज बायकू हरला," आकाराम म्हणाला. "आमची वैनी पटाला आनि मला, दोगास्नीबी भाईर काढंल."

"मग वाघ-शेळी न्या."

"वाघानं शेळी खाल्ली की पोरगी रडंल. तिची शेळी हाय घरात, लय जीव हाय तिच्यावर."

शेवटी आप्पासोंनी वरच्या फळीवरून कागदाची एक सुरळी काढली. "ही सापशिडी. लढाईपायी पुठ्ठा मिळंना, म्हनून नुसता कागद आलाय. शिडी लागली की वर, साप लागला की खाली. अक्कल लागत न्हाई ह्यात. फाशाचं दान पडंल तसं चालायचं. चार वर्साचं पोर बापाला हरवतंय."

"हरवतंय?"

"डोळं झाकून."

यापुढे आकारामने दुसरं काही पाहिलं नाही. पोरीकडून हरायच्या आनंदात तो मलकापूरपर्यंत शीळ घालत आला, आणि नागोबाचा कागद साफ विसरला. घरी आल्यावर त्याने सुरळी देवाजवळच्या कोनाड्यात ठेवली. फाशाची आणि सोंगट्यांची पुडी कोटाच्या खिशात राहिली. सकाळी निवांत डाव मांडू म्हणून तो झोपला आणि सकाळी उठून विहिरीवर आंघोळीला गेला.

परत येऊन बघतो तर सापशिडी सोप्याच्या भिंतीवर. कणकेची खळ लावून पक्की बसवलेली, तीही शेळीचं तोंड पोचू नये अशी उंच. नऊच्या नऊ सापांच्या फण्यांना हळदकुंकू लागलं होतं आणि खाली लाह्या आणि दुधाची वाटी होती.

आकारामने तोंड उघडलं. पण त्यातून शब्द निघायच्या आत शेजारची धोंडुबाई दारात उभी राहिली आणि बघतच राहिली.

"आगं शालूबाई, नऊ नाग? माज्या घरात एकच हाय, त्योबी मातीचा."

"आमच्या आकारामनं आणलाय," शालूबाई म्हणाली आणि तिची मान ताठ झाली.

आता आकारामची इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर ज्या माउलीने त्याला वाढवलं तिची गल्लीत शोभा होणार. गुपचूप काढून घ्यावं तर पंचमीला चिरायचं नाही, खणायचं नाही, खरवडायचं नाही. त्या दिवशी भाजीला विळी लावत नाहीत, तिथे देवाला कोण उलथणं लावणार? त्याने उघडलेलं तोंड मिटलं.

धोंडुबाईने बातमी फिरवली आणि गल्लीतल्या बाया लाह्या घेऊन आल्या.

"ह्या शिड्या कशापायी?" रंगुबाईने विचारलं.

शालूबाईने आकारामकडे पाहिलं. आकाराम आढ्याकडे पाहू लागला.

"वारुळातनं वर याया," धोंडुबाईनेच निकाल दिला.

"आनि आकडं?"

"शंभर हायती. म्हंजी शंभर नमस्कार."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. पण देवाच्या पुढ्यात माघार कोण घेणार? नमस्कार सुरू झाले. चाळिसाव्या नमस्काराला रंगुबाईची कंबर धरली आणि लीलाबाई तेलाची वाटी घेऊन धावली. आकाराम परड्यात शेळीजवळ जाऊन बसला. आतून आकडे ऐकू येत होते आणि दर आकड्याला त्याला घाम फुटत होता.

दुपारी बाया गाणी म्हणत वारुळाला गेल्या आणि घर शांत झालं. आकाराम आत आला, तर हौसा एकटीच भिंतीपुढे उभी. ती काही वारुळाला गेली नव्हती. तिला वेगळाच घोर लागला होता.

"सापाला पाय न्हाईत," ती भिंतीलाच म्हणाली. मग तिने वळून पाहिलं. विचारायला घरात दुसरं कुणीच नव्हतं. "पावणं, ह्या शिडीवर कोन चढतं?"

"आपुन चढतो," आकाराम हळूच म्हणाला, आणि त्याने खिशातून पुडी काढली.

फासा जमिनीवर टाकता आला, पण सोंगटी भिंतीवर राहीना. त्यावर हौसानेच तोड काढली. तिने हळदीत बोट बुडवलं. "मी हळद, तुमी कुक्कू." मग ती टाचा उंचावून उभी राहिली, तरी बोट पोचेना. तिने भिंतीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

"उचला."

आकारामने पलटणीत जखमी माणसं खांद्यावरून वाहिली होती. एवढं हलकं ओझं त्याने कधी उचललं नव्हतं. त्याने तिला खांद्यावर बसवलं. फासा टाकायला खाली बसायचं, बोट टेकवायला उठायचं. थोड्याच वेळात त्याचे गुडघे बोलू लागले.

"आबा, उटा की. सा पडल्यात माजं."

आबा म्हटल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. आकारामच्या आलं. तो उठला, पण त्याला भिंतीवरचं काही नीट दिसेना.

डोळे पुसून तो वळला तर दारात शालूबाई. तिच्या हातात दुधाचं रिकामं भांडं होतं, आणि ती किती वेळची उभी होती कोण जाणे.

"वैनी," आकाराम म्हणाला, "त्यो नागोबाचा कागद न्हाई. खेळ हाय. त्यो कागद म्या इसरलो."

"ठावं हाय मला. माज्या भाच्याकडं असलाच हाय. चिकटवल्यावर वळखलं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"खळ वाळली हुती आनि धोंडुबाई दारात. पोरगं देवाचा कागद इसरलं म्हनून चारचौघीत कसं सांगू? तुजी अब्रू जायाची."

"आनि म्या तुमची अब्रू जाईल म्हनून शेळीपाशी बसलो."

शालूबाई मटकन उंबऱ्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "रंगुबाईला कदी सांगू नगंस बाबा," तिने बजावलं. "अजून ती उताणीच हाय."

आकारामचा जीव भांड्यात पडला. डोक्यावरचा केवढा तरी भार उतरला होता, आणि खांद्यावरचा उतरू नये असं वाटत होतं.

"हौसा, उद्या कराडासनं दुसरा कागद आनतो," तो म्हणाला. "मग जमिनीवर मांडून झ्याक खेळू."

हौसाने त्याचा कान घट्ट धरला.

"नगं. ह्योच खेळायचा."

"का गं?"

"जमिनीवर मांडल्यावर तुमी मला उचलनार न्हाई," ती म्हणाली. "बसा आता खाली. तुमचं दान हाय."