सात कूलर, सात ससे

"रॅबिट फार्म?" अर्जुनरावांच्या बशीतला चहा थेट धोतरावर सांडला. "कुनाचं?"

"तुमचं," गहिनीनाथ म्हणाला आणि स्वतःच्या बशीतला चहा शांतपणे भुरकला.

गहिनीनाथ म्हणजे केज तालुक्यात सोयरिकी जुळवत फिरणारा माणूस. मोटरसायकलवर बसला की बोलतो आणि उतरला तरी बोलतो. अर्जुनरावांचा रविराज एकोणतिशीला टेकलेला. आठ एकर रान, दोन म्हशी, पोराला सुपारीचंही व्यसन नाही. पण 'मुलगा शेती करतो' एवढं ऐकलं की पलीकडचा फोन जो कट व्हायचा, तो पुन्हा लागायचाच नाही. म्हणून या खेपेला गहिनीनाथानं सिरसाळ्याच्या बिभीषणरावांना परस्पर सांगून टाकलं होतं की मुलगा शेती-बिती काही करत नाही, त्याचं सशांचं फार्म आहे.

"आरं पन आपल्याकडं ससा न्हाई, सशाचं शेपूट न्हाई!"

"ससे मी देतो की. सात हाएत. पिंजरे तेवढे करा. पंधरा दिवसांत पावनं घर बघायला येनार."

"आन् खोटं उघडं पडलं तर?"

"तर पोरगं तसंच ऱ्हाईल. आताबी तसंच हाय."

अर्जुनराव धोतरावरचा चहा झटकत उठले.

दुसऱ्या दिवशी ते केजला वेल्डरकडं गेले. जाळीच्या सात पिंजऱ्यांचा आकडा ऐकून त्यांना उभ्या उभ्या घाम फुटला, आणि महिना पौष होता. लाकडाचे करावेत तर सुताराचा आकडा वेल्डरच्या आकड्याचा थोरला भाऊ. तोंड पाडून परत येताना गावातल्या बंकटच्या गोठ्यात, गोणपाटाखाली, त्यांना एक चौकोनी पत्र्याची पेटी दिसली. तीन बाजूंना जाळीच्या झडपा, वर झाकण, खाली पाण्याची टाकी. बंकटचा कूलर होता तो.

अर्जुनराव तिथंच मटकन बसले. पिंजराच की हा! वारा तिन्ही बाजूंनी. आतला पंखा काढायचा, मधोमध तुरीच्या काड्यांची तट्टी टाकायची, ससा तिच्यावर, लेंड्या खाली टाकीत. वर्षाचे आठ महिने असे आयते पिंजरे घरोघर धूळ खात पडलेत आणि लोक वेल्डरकडं जातात!

ते दारोदार फिरले. "कूलर? थंडीत?" सत्तरीच्या वत्सलाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "अर्जुना, डोस्कं ठिकानावर हाय का तुजं?"

"रविराजचं जमायलंय काकू. शिमग्याच्या आत परत."

रविराजचं जमायलंय म्हटल्यावर गावात कोण नाही म्हणणार? आठवड्यात सात कूलर अंगणात आले. विटांवर चार खाली, तीन वर, आत गहिनीनाथाचे सात ससे. लांबून पाहिलं तर सरकारी योजनेचा फोटो वाटावा. अडचण एकच. लग्नकार्यात कूलर गावभर फिरतात, म्हणून प्रत्येकावर मालकाचं नाव लाल रंगात ठसठशीत लिहिलेलं.

"आबा, नावं तरी पुसा," रविराज म्हणाला.

"रंग काय फुकट येतो? आन् परत देताना पुन्ना लिवून कोन देनार?"

निघालेले पंखे आणि पंप त्यांनी एकाच पोत्यात भरून माळ्यावर टाकले. त्यांची कारभारीण बायनाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "गावाचे सात आनले. आपला कावून न्हाई घेतला?"

"आपला? तुज्या भावानं दिलेला? सशांनी घान केली तर उन्हाळ्यात मी काय करू?"

पंधरा दिवसांत येणारे पावणे काही आले नाहीत. आधी त्यांच्या भावकीत सुतक पडलं. मग ज्वारीची काढणी निघाली. मग बिभीषणरावांची दाढ दुखली. असं करत करत तारीख ठरली ती धूळवडीच्या दुसऱ्या दिवसाची. आणि त्या दिवशी सूर्यानं असं काही मनावर घेतलं की सकाळी दहाला कोंबड्या चोची उघड्या टाकून भिंतीला टेकल्या.

अकराला जीप आली. मागोमाग ताडपत्री झाकलेला एक पिकअप येऊन लिंबाच्या सावलीत थांबला. अर्जुनराव मनात माणसं मोजू लागले. एवढी माणसं? पोहे पुरायचे नाहीत! पण पिकअपमधून कोणी उतरलं नाही. गहिनीनाथही मोटरसायकलवरून उतरला नाही. "बसतो की, बसतो," म्हणत तो गाडीवरच बसून राहिला.

आत पावण्यांसाठी घरचा कूलर घरघरत होता, पण बिभीषणराव बसेनात. "आधी फार्म दावा," म्हणाले. मागून त्यांची मुलगी मोहिनी आली. तिनं अंगणात पाऊल टाकलं आणि ओढणी नाकाला लावली. रविराजनं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"वा! पत्र्याचे! मजबूत काम हाय," बिभीषणराव वाकले, आणि चष्मा सरकवून मोठ्यानं वाचलं, "वत्सलाबाई... ह्या कोन?"

 अडचणीत माणसाला काहीही सुचतं. अर्जुनरावांनी झडपेआडच्या पांढऱ्या ससुलीकडं बोट केलं.

"ही काय. आमच्याकडं परत्येक सशाला नाव हाय."

"आरं वा! मानसागत नावं?"

"जीव लावल्याबिगर धंदा व्हत न्हाई, पावनं."

"आन् ह्यो बंकट?"

"नर हाय. लई आळशी. नुसता खातो आन् लोळतो. कामाचा न्हाई, पन जुना हाय म्हनून ठिवलाय."

"आन् ह्या वत्सलाबाई गाभन दिसत्यात."

"हाय ना. तिसरी खेप. ह्या आठवड्यात मोकळी व्हईल."

"कोन मोकळी व्हईल रं?"

आवाज मागून आला. अर्जुनरावांनी वळून पाहिलं. फाटकात खऱ्या वत्सलाबाई उभ्या होत्या. पदरानं घाम पुसत. त्यांच्या मागं बंकट, आणि बंकटच्या मागं आणखी पाच घरचे गडी.

"काकू... तुमी कावून आलात ह्या उन्हात?"

"उन्हातच येनार! शिमगा झाला काल. कूलर दे माजा. आन् माजी तिसरी खेप काय म्हनत हुतास पावन्याला?"

"मी आळशी व्हय बे?" बंकट पुढं आला. "मी लोळतो?"

बिभीषणरावांनी एकदा सशाकडं, एकदा बंकटकडं पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं.

पुढचा पाव तास कुणाला कुणाचं ऐकू आलं नाही. बंकटनं आपला कूलर उचलून पालथा केला. आतला बंकट धपकन खाली पडला आणि आळशी असूनही असा सुसाट सुटला की पावण्यांच्या जीपखालून रस्ता गाठला. वत्सलाबाईंनी झडप काढली, ससुली स्वयंपाकघरात शिरली, तिथं पोह्यांच्या पातेल्यात बसली. एक ससा पावण्यांतल्या एका आजोबांच्या पिशवीत गेला. आजोबांनी पिशवीत तपकिरीसाठी हात घातला आणि ओरडत बाजेवर चढले. माळ्यावरचं पोतं खाली आलं, तर पंखे एकमेकांत अडकलेले.

"ह्यो माजा पंखा न्हाई! माज्याला चार पाती हुती!"

"मग ह्यो कुनाचा? ह्याला तर तीनच हाएत!"

"आरं माजा पंप कुठं गेला?"

आणि मग एकदम सगळं शांत झालं. सात कूलर सात दिशांना डोक्यावरून निघाले होते. अंगणात नुसत्या विटा राहिल्या. विटांवर थोड्या लेंड्या.

"फार्म..." बिभीषणराव कसेबसे म्हणाले. "गेलं की हो तुमचं."

अर्जुनरावांना वाटलं, धरणी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. रविराजकडं बघायची त्यांची छाती होईना. आता हा पोरगा जन्मभर असाच राहणार, आणि कशापायी, तर सात पिंजऱ्यांचे पैसे वाचवण्यापायी. बिभीषणरावांनी जीपकडं पाऊल टाकलं.

"थांबा दादा," मोहिनी वडिलांना म्हणाली. तिनं नाकावरची ओढणी काढली आणि सरळ रविराजला विचारलं, "तुमी खरं काय करता?"

"शेती," रविराज म्हणाला. "कापूस, तूर. दोन म्हशी हाएत."

"आन् ससे?"

"मला वास सोसत न्हाई सशाचा. दोन म्हयने झाले, रानात झोपतोय."

मोहिनी फिसकन हसली. "मलाबी न्हाई. मी गाडीत बसतानाच आईला सांगितलं हुतं, सशाच्या लेंड्या झाडनार न्हाई, मी न्हाईच म्हननार हाय." मग ती वडिलांकडं वळली. "शेती असंल तर माजी ना न्हाई."

अर्जुनराव आ वासून बघत राहिले. बायनाबाईंनी डोळ्याला पदर लावला. हसू फुटलं नव्हतं ते एकट्या बिभीषणरावांना. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"मग," ते लिंबाखाली बघत म्हणाले, "त्या पिकअपमधल्याचं काय करू?"

"त्याच्यात काय हाय?" अर्जुनरावांनी विचारलं.

"ससे. चाळीस. गहिनीनाथ म्हनला, पोराकडच्यांना हुंडा नको, फक्त मानाचे ससे द्या, त्यांची लई हौस हाय. म्हनून त्याच्याकडूनच घेतले. माज्या दारात आता ठिवायची सोय न्हाई."

"गहिनीनाथाकडून?" अर्जुनराव किंचाळले. "सात आमाला, चाळीस तुमाला! आरं, फार्म त्याचंच बुडालं हुतं की काय?"

सगळ्यांच्या माना एकदम फाटकाकडं वळल्या. केजच्या रस्त्यावर धुळीचा एक लोट लांब लांब जात होता.

पिकअपवाल्यानं ताडपत्री सोडायला घेतली. व्याह्यानं मानानं आणलेलं माघारी कसं पाठवायचं? "वत्सलाकाकू!" अर्जुनरावांनी रस्त्याकडं धावत हाक मारली. "बंकट! आरं थांबा जरा, कूलर..." कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. वत्सलाकाकूंनी तर चाल वाढवली.

घामानं निथळत ते अंगणात परतले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आतली घरघर थांबली आहे.

बायनाबाई दारात उभ्या होत्या. आपल्या कूलरची वायर त्या कोपरावर नीट गुंडाळत होत्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "एका बाजूनं धरा."